साडेतीन वॅटना पुरेल असा स्पीकर: हिशेब, ड्रायव्हर आणि सुताराला द्यायची मापं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका वाचकाकडे २ए३ व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (दर चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला) अँप आहे, साडेतीन वॅटचा. त्याला ८६ डेसिबलचे, ४ ओहमचे छोटे बुकशेल्फ स्पीकर जोडलेत. खोली ११ बाय १४ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. ऐकणं मुख्यतः ख्याल, अभंग आणि नाट्यगीतं. गळा गोड लागतो, पण पखवाजाची थाप आली की आवाज फाटतो. तेव्हा किती सेन्सिटिव्हिटीचे (एका वॅटला किती आवाज, त्याचं माप) स्पीकर घ्यावेत, आणि मंडप-साउंडवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातल्या १२ इंची ड्रायव्हरमधून (खोक्याशिवायचा सुटा स्पीकर) घरी काही बनवता येईल का?

बनवता येईल, आणि चांगलं बनवता येईल. पण दुकानात जाण्याआधी कागदावर थोडा हिशेब करा.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दोन प्रकारे दिलेली असते: १ वॅटला १ मीटरवर, किंवा २.८३ व्होल्टला १ मीटरवर. ८ ओहमच्या स्पीकरला हे दोन्ही एकच, कारण ८ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये मात्र तेवढेच व्होल्ट २ वॅट ओढतात. म्हणजे तुमचे '८६ डेसिबल' २.८३ व्होल्टवरचे असतील तर खरे ८३ आहेत, वरचे ३ अँपच्या खिशातून गेलेले. साडेतीन वॅट म्हणजे १ वॅटच्या वर साधारण साडेपाच डेसिबल. ८३ अधिक साडेपाच, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी. आठ-नऊ फुटांवर बसल्यावर बंद खोलीत त्यातले पाचेक डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्याने तीनेक परत येतात. उरले ८६, आणि तेही शिखराला, म्हणजे थापेच्या क्षणी. पखवाजाची किंवा तबल्याची थाप सरासरी आवाजाच्या पंधरा डेसिबल वर सहज जाते. फाटू द्यायचं नसेल तर सरासरी ७०-७१ वर ठेवावी लागेल, आणि डोक्यावर पंखा पाचवर फिरत असेल तर हे ऐकणं म्हणजे शेजारच्या घरातलं गाणं ऐकण्यासारखं.

आता त्याच जागी खरा ९६ डेसिबलचा, ८ ओहमचा स्पीकर ठेवा. १३ डेसिबल वाढले. हेच १३ डेसिबल जुन्या स्पीकरवर हवे असतील तर अँप २० पट मोठा लागेल, म्हणजे ७० वॅटचा. लहान अँपवाले सेन्सिटिव्हिटीच्या मागे का लागतात, ते या एका गुणाकारात आलं.

एक बिनखर्चाची गोष्ट आजच तपासा. अँपच्या मागे ४ आणि ८ ओहमचे वेगळे टॅप (स्पीकर जोडायची टोकं) असतील आणि ४ ओहमचा स्पीकर ८ च्या टॅपवर असेल, तर तो ४ वर घ्या. ८ च्या टॅपवर ४ ओहम लावलं की ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे व्हॉल्व्हला अडीच हजारांऐवजी साडेबाराशे ओहमच दिसतात. विकृती वाढते आणि साडेतीन वॅटही पुरते निघत नाहीत. वायर बदलताना अँप बंद हवा. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय चालवून सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं.

तुम्हाला नेमके किती वॅट लागतात, हे मोजताही येतं. ओळखीतल्या कुणाचा ४०-५० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप दोन दिवस आणा आणि तुमचेच स्पीकर त्यावर लावा. नेहमीचं गाणं लावून जास्तीत जास्त जेवढ्या आवाजात ऐकाल तिथे व्हॉल्यूम ठेवा. मग तो न हलवता, त्याच मोबाइल किंवा डीएसीवरून (डिजिटल गाणं अँपला देणारी पेटी) १२० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबलवर रेकॉर्ड केलेला साइन टोन वाजवा (अशी फाइल कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये दोन मिनिटांत बनते) आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर व्होल्ट वाचा. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा: रेकॉर्डिंग शिखराला पोहोचेल तेव्हा अँपला एवढे व्होल्ट द्यावे लागतील. त्याचा वर्ग करून ओहमने भागा. मीटरवर २ व्होल्ट आले तर शिखर ८ व्होल्टचं, ४ ओहमच्या स्पीकरला १६ वॅट. मीटरवर ०.८ आले तर ३.२ व्होल्ट, अडीच वॅट, म्हणजे तुमचा अँप पुरतोय आणि दुखणं दुसरीकडे आहे. बहुतेकांना आपण किती कमी वॅटवर ऐकतो हे पहिल्यांदा इथेच कळतं. उलट मे महिन्यात कूलर चालू ठेवून ही चाचणी केली तर आकडा कितीतरी वर जातो. ज्या ऋतूत जास्त ऐकता, त्याच ऋतूत मोजा.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही, ती. नुसती सेन्सिटिव्हिटी पुरत नाही, स्पीकरचा ओहम, म्हणजे इम्पीडन्स, हाही शांत हवा, सुराप्रमाणे फार वर-खाली न होणारा. २ए३ चा आतला रोध सुमारे ८०० ओहम. अडीच हजार ते ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरमधून तो स्पीकरच्या बाजूला अडीच ओहम दिसतो, वायंडिंगचा धरला की तीन. फीडबॅक नसलेल्या अँपला हे तीन ओहम स्पीकरच्या मालिकेत कायम असतात. स्पीकरचा इम्पीडन्स कुठे ४ पर्यंत खाली आणि कुठे ३० पर्यंत वर जात असेल, तर या दोन जागांच्या आवाजात सरळ चार डेसिबलचा फरक पडतो. स्पीकरवाल्याने कितीही सपाट ट्यून केलेला असो, तुमच्या घरी तो वेगळाच गाणार. म्हणून ९२ डेसिबलचा पण ८ ओहमवर स्थिर राहणारा स्पीकर, ९५ डेसिबलच्या पण ३ ओहमपर्यंत कोसळणाऱ्या स्पीकरपेक्षा अशा अँपला बरा. माहितीपत्रकात 'किमान इम्पीडन्स' शोधा; ६ च्या खाली असेल तर पुढचा स्पीकर बघा.

तेच तीन ओहम खालच्या पट्टीत ड्रायव्हरवरचा लगामही सैल करतात. ड्रायव्हरचा क्यूईएस हा आकडा लगाम किती सैल ते सांगतो; जितका कमी तितका लगाम घट्ट. त्याला (कॉइलचा रोध + ३) भागिले कॉइलचा रोध याने गुणायचं. ६ ओहमची कॉइल असेल तर दीडपट. ०.३५ चा ड्रायव्हर ०.५२ सारखा वागतो. बास फुगलेला, उशिरा थांबणारा वाटतो तो यामुळे. मंडपवाल्यांच्या ड्रायव्हरची चुंबकं मोठी, क्यू कमी. ट्रान्झिस्टर अँपवर तेच ड्रायव्हर घरात कोरडे वाटतात आणि सिंगल-एंडेडवर एकदम जुळतात. ही जोडी आपल्या भागात आयती जमते.

सेन्सिटिव्हिटी फुकट मिळत नाही. बास, खोका आणि सेन्सिटिव्हिटी यांचा जुना हिशेब आहे: खोल बास, छोटा खोका आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी दोनच मागायच्या. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीतल्या 'एच'चा, जे. अँटन हॉफमन यांचा, नियम म्हणून तो ओळखला जातो. २ए३ बाजारात आला १९३३ साली. तेव्हा वॅट महाग होते, म्हणून स्पीकर मोठे आणि कार्यक्षम असत. १९५४ मध्ये एडगर विलचरचा एआर-१ हा स्पीकर आला. त्या छोट्या बंद पेटीतून खोल बास निघाला, पण सेन्सिटिव्हिटी गेली, आणि पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केल्यावर कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. तुम्ही अँप १९३३ चा घेतलात आणि स्पीकर नंतरच्या काळातला, भांडण तिथे आहे.

पण आपल्या संगीतासाठी हा सौदा अजिबात तोट्याचा नाही. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषांच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ. डग्गा आणि पखवाजाची धूम यांचा जीवही साधारण याच्या आसपास आणि वर. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंत नीट वाजणारा स्पीकर असेल तर ख्याल, अभंग, नाट्यगीत यांतलं काही सुटत नाही. ३० हर्ट्झपर्यंत जाण्याचा हट्ट सोडला की खोका ९० लिटरवर थांबतो आणि ९६ डेसिबल हाती राहतात. सिनेमाचे स्फोट किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचं असेल तर वेगळा, स्वतःचा अँप असलेला सबवूफर जोडा. २ए३ वर तो भार टाकू नका.

दुकानात काय मागायचं

लातूर, नांदेड, संभाजीनगरला असा माल मिळतो. निवड मोठी हवी असेल तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा हैदराबादला कोठीची गुजराती गल्ली. चुंबकावर चिकटवलेल्या '१००० वॅट'च्या स्टिकरकडे बघूच नका. तो आकडा कॉइल किती उष्णता सोसते याचा, आणि बऱ्याचदा तोही खरा नसतो. १००० वॅटचा स्पीकर चालवायला मोठा अँप लागतो हा समज पूर्ण उलटा आहे. तो १ वॅटवर ९७ डेसिबल देत असेल तर तुमच्या साडेतीन वॅटवरही तो गरजेल.

१८ इंची डीजे बास टाळा. त्याचा कोन जड असतो, वरच्या पट्टीत गळा बोलतच नाही. हवा आहे १२ इंची 'मिडबास' किंवा 'फुलरेंज' म्हणून विकला जाणारा: कागदी कोन, कापडी घडीदार सराउंड (कोनच्या कडेची पट्टी), ८ ओहम. रबरी सराउंडचा जड ड्रायव्हर नको. माहितीपत्रक असलेलाच घ्या आणि त्यात एवढं बघा: एफएस (कोनचा स्वतःचा सूर) ४० ते ५० हर्ट्झ, क्यूटीएस (एकूण लगामाचा आकडा) ०.२५ ते ०.४, व्हीएएस (कोनइतकीच लवचिक हवा किती, ते) ८० ते १६० लिटर, कॉइलचं इंडक्टन्स १ मिलिहेन्रीच्या आसपास किंवा कमी. कोनची चाल म्हणजे एक्समॅक्स ४ मिमी असली तरी चालते. साडेतीन वॅटमध्ये तेवढीही लागत नाही.

लिहिलेली सेन्सिटिव्हिटी खरी का, हे याच आकड्यांतून पडताळता येतं. एफएसचा घन गुणिले व्हीएएस (लिटरमध्ये) भागिले क्यूईएस, त्याला ९.७ गुणिले १० चा उणे दहावा घात. आलेल्या अपूर्णांकाचा दहाच्या पायावरचा लॉग घेऊन १० ने गुणा आणि त्यात ११२ मिळवा. उदाहरणार्थ ४० हर्ट्झ, १५० लिटर, ०.३५: कार्यक्षमता २.६ ते २.७ टक्के, म्हणजे ९६ डेसिबलच्या जरा वर. पत्रकात याच ड्रायव्हरला '१०१ डेसिबल' लिहिलं असेल तर तो कोनच्या वरच्या पट्टीतल्या एखाद्या टेकाडाचा आकडा आहे, बासचा नाही. एका वॅटचा पुरता एक वॅट आवाज झाला तरी ११२ च होतात. ९२ चा स्पीकरही शंभरातला एकच भाग आवाजात बदलतो, बाकी सगळी कॉइलची ऊब.

काउंटरवरच मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला डीसी रोध साडेपाच ते साडेसहा येतो. साडेतीन आला तर आत ४ ओहमची कॉइल आहे, वर काहीही छापलेलं असो. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा हलके आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. रिकोन केलेला (कोन-कॉइल बदललेला) माल घेऊ नका. तो वाईटच असतो असं नाही, पण दोन ड्रायव्हरना वेगवेगळ्या वजनाचे कोन पडले की डावा-उजवा जुळत नाही आणि गायक मधोमध न बसता एका भिंतीकडे सरकतो. दोन्ही एकाच खेपेतले घ्या. नव्या ड्रायव्हरचा स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी घडीदार चकती) ताठ असतो, तेव्हा एफएस मोजायचा असेल तर आधी दहा-बारा तास वाजू द्या.

वरच्या पट्टीला एक इंची घशाचं कॉम्प्रेशन युनिट आणि २५ सेंमी किंवा जास्त रुंद तोंडाचा भोंगा. पिझो ट्वीटर स्वस्त असतात, पण घरात, आठ फुटांवर, ते सुईसारखे टोचतात.

खोका

आतली मापं ४२ रुंद, ३६ खोल, ६० उंच, सगळी सेंटिमीटरमध्ये. ९० लिटर होतात, ड्रायव्हर आणि आधाराच्या पट्ट्या जाऊन ८५ उरतात. १८ किंवा १९ मिमी प्लाय, शक्यतो आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक). एमडीएफ सरळ कापला जातो आणि सुतारांना आवडतो, पण पावसाळ्यात कडेला फुगतो आणि स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. शिवाय जुन्या घरात वाळवी असेल तर विषयच संपला. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये दोन खोके जेमतेम बसतात आणि चुकीला जागा राहत नाही, म्हणून दीड शीट धरा. उरलेल्यातून दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पट्टी आणि पुढच्या फळीला आतून दुसरा थर निघतो. फेव्हिकॉल आणि दर दहा सेंमीला स्क्रू. सगळे सांधे आतून फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा मिसळून भरा. खोक्याला बारीक फट राहिली तर बास जातो आणि वर शिट्टीसारखा आवाज येतो. ड्रायव्हरला टी-नट लावा, साधे स्क्रू दोनदा काढले की भोक ढिलं होतं. आणि कटाई-ड्रिलिंग संपेपर्यंत ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत, पिशवीत बांधून ठेवा. लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटीत एकदा गेला की तो काढणं रिकोनइतकंच काम.

पोर्टसाठी (खोक्यातली हवा आत-बाहेर करून बासला जोर देणारी नळी) ४ इंची पीव्हीसी पाइप, आतून सुमारे १०४ मिमी. इथे अँपप्रमाणे लांबी बदलते, आणि तयार आराखडे कॉपी करणारे इथेच फसतात. ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी अँप असेल तर ९.५ सेंमी, खोका ४२ हर्ट्झवर बसतो. २ए३ साठी १५ सेंमी, म्हणजे ३६ हर्ट्झ. त्या तीन ओहममुळे बासला जे टेकाड येतं ते खाली ट्यून केल्याने बसतं. सुरुवात १५ नेच करा. पाइप कापून लहान करता येतो, लांब करता येत नाही.

आतल्या तीन भिंतींना भरण. कापूस आपल्याकडे मुबलक आणि आवाज शोषायला वाईटही नाही, पण तो ओल धरतो, खाली बसतो आणि त्यात किडे होतात. गादीवाल्याकडून रेक्रॉनचं फायबर घ्या, इंचभर जाड थर, वर जाळीदार कापड मारून. पोर्टच्या तोंडापासून दोन विती दूर.

क्रॉसओव्हर: पंख्याचे कंडेन्सर आणि मोटरवाल्याची कॉइल

१२ इंची कागदी कोन दोन हजार हर्ट्झच्या वर आडमुठा होतो, एक इंची युनिट दीड हजाराच्या खाली दमतं. म्हणून १८०० हर्ट्झवर, दुसऱ्या श्रेणीचा (प्रत्येक बाजूला एक कॉइल, एक कंडेन्सर) क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर एकाला आणि वरचे दुसऱ्याला वाटून देणारी जोडणी. वूफरच्या (म्हणजे १२ इंची ड्रायव्हरच्या) मालिकेत १.४ मिलिहेन्री, त्यानंतर वूफरला समांतर ५.६ मायक्रोफॅरॅड. युनिटच्या मालिकेत ५.६ मायक्रोफॅरॅड, त्यानंतर समांतर १.४ मिलिहेन्री. 

कंडेन्सर मागवायला शहर गाठायची गरज नाही. छताच्या पंख्याचे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीनचेच असतात: २.५ आणि ३.१५ समांतर जोडले की ५.६५. नवे घ्या आणि मीटरवर मोजून घ्या, जुने आटलेले असतात. कॉइल तालुक्यातला मोटर रिवाइंडिंगवाला गुंडाळून देईल, एवढं सांगितलं तर: ३५ मिमी व्यासाची, ३० मिमी रुंद लाकडी किंवा प्लास्टिकची फिरकी, आत लोखंड नाही, १८ गेजची तांब्याची इनॅमल तार, २१५ वेढे, घट्ट आणि सरळ थरांत. मग एलसीआर मीटर (मिलिहेन्री मोजणारा) लावून १.४ येईपर्यंत वेढे सोडवायचे. २०७ च्या आसपास थांबाल. रोध अर्ध्या ओहमच्या आत राहतो आणि त्यात अर्धा डेसिबलच जातो. तार वाचवून २२ गेज गुंडाळली तर सव्वा-दीड डेसिबल कॉइलच गिळते, आणि एवढा खटाटोप ज्यासाठी चालू आहे तेच हातून जातं. युनिटच्या बाजूच्या कॉइलला बारीक तार चालते. दोन कॉइल एकमेकींशी काटकोनात आणि वीतभर अंतरावर बसवा.

वूफरला समांतर आणखी एक जोडी: ७.५ ओहमचा रोध आणि २० मायक्रोफॅरॅड, हे दोघे आपसात मालिकेत. वरच्या पट्टीत कॉइलमुळे चढणारा इम्पीडन्स याने सपाट राहतो. तीन ओहमच्या अँपला याचं मोल किती ते वर आलंच. इथे मोटरचा रनिंग कंडेन्सर चालतो. स्टार्टिंगचा नको, तो इलेक्ट्रोलायटिक असतो.

युनिट १०५-१०६ डेसिबलचं, वूफर ९६ चा. युनिट दहा डेसिबल दाबायचं: मालिकेत ५.६ ओहम, मग युनिटला समांतर ३.९ ओहम, दोन्ही १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर. ही जोडी कंडेन्सर-कॉइलच्या नंतर, युनिटच्या अगदी जवळ. यामुळे क्रॉसओव्हरला युनिटऐवजी जवळपास शुद्ध ८ ओहम दिसतात आणि आकडे कागदाप्रमाणे चालतात. भोंग्याचे स्पीकर कर्कश असतात अशी ख्याती आहे, तिचं अर्धं कारण हे दोन रेझिस्टर न लावणं.

युनिटची वायर उलटी जोडायची का, हे कानाने ठरवू नका. ऐकण्याच्या जागी मोबाइल ठेवून १८०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात वाजवा आणि दोन्ही प्रकारे पातळी वाचा. एका जोडणीत ती बरीच खाली पडेल. दुसरी बरोबर. मोबाइलचा मायक्रोफोन खरे डेसिबल सांगत नाही, पण कमी-जास्त बरोबर सांगतो. दोन्ही खोक्यांत मात्र जोडणी एकच ठेवा.

पहिल्या रात्री ऐकू येईल ती घरघर

बुकशेल्फवर जी घरघर कधी कळली नाही, ती ९६ डेसिबलवर कळणार. अँपच्या आउटपुटला ५ मिलिव्होल्ट हम (हीच घरघर) असेल तर एका मीटरवर ४१ डेसिबल होतात. रात्री दहानंतर गल्ली शांत झाल्यावर तो तंबोऱ्याच्या खाली सतत जाणवतो. १ मिलिव्होल्टवर २७, जवळजवळ नाहीसा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. २ए३ चं हीटर अडीच व्होल्ट एसीवर असेल तर अँपवर हमचा छोटा पॉट (फिरवून बदलायचा रोध) असतो. तो हळू फिरवून आकडा किमान करा. तरी तीन-चारच्या खाली येत नसेल तर हीटरला डीसी करून घ्यावं लागेल. हम व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर दोष इनपुटकडे, बहुधा लॅपटॉप किंवा मोबाइलच्या चार्जरमधून आलेल्या अर्थिंगचा. चार्जर काढा, लगेच कळेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर व्हॉल्व्हचा अँप लावू नका, घरघर थांबणार नाही आणि ट्रान्सफॉर्मर तापेल.

व्होल्टेज संध्याकाळी २०० पर्यंत पडलं तर वॅट पाऊणपट होतात, म्हणजे सव्वा डेसिबल कमी. कानाला विशेष कळत नाही. धोका मध्यरात्रीच्या २५०-२५५ चा आहे, त्याने व्हॉल्व्हचं आयुष्य सरतं. स्टॅबिलायझर घ्यायचा तो या बाजूसाठी.

लाइट जाण्याचं प्रमाण फार असेल तर त्याच स्पीकरसाठी टीपीए३११६ चिपचं एक छोटं अँप-बोर्डही ठेवा. १२ व्होल्टवर ८ ओहमला सात-आठ वॅट, आणि ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर आठ-दहा तास. २ए३ चा गोडवा नाही, पण भजन अर्ध्यावर तुटत नाही. त्याच्यावर पोर्ट ९.५ सेंमीचा हवा, तेव्हा साडेनऊचा दुसरा तुकडा कापून ठेवलात तर अदलाबदल करता येते.

खोलीत मांडताना खोके लांबीच्या भिंतीवर नव्हे, ११ फुटी भिंतीला, मागच्या भिंतीपासून वीत-दीड वीत. ४६ सेंमी रुंद खोक्याचा आवाज अडीचशे हर्ट्झच्या खाली मागेही पसरू लागतो, पुढचा बास पातळ होतो. भिंत जवळ असली की तो परत येतो. कोपऱ्यात मात्र ढकलू नका, ११ फुटांची रुंदी ५१ हर्ट्झला आणि १४ फुटांची लांबी ४० हर्ट्झला गुंजते. भोंग्याचा मधला अक्ष कानाच्या उंचीला हवा, म्हणून खाली वीतभराचा लोखंडी किंवा लाकडी घोडा लागेल. शहाबादी फरशीवर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा दुहेरी वाकळ टाका. उघड्या स्लॅबच्या खोलीत पाचशे रुपयांच्या या कापडाने होणारा फरक महागड्या केबलने होत नाही. माळवदाच्या, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात एवढंही लागत नाही. पत्र्याच्या खोलीत आधी पत्र्याचे स्क्रू आवळा, नाहीतर ५०-६० हर्ट्झला पखवाजाबरोबर छतही साथ करेल.

आठ इंची फुलरेंज ड्रायव्हर, मध्ये छोटा दुसरा कोन असलेले, हा एक सोपा रस्ता वाटतो: क्रॉसओव्हर नाही, ९३ ते ९६ डेसिबल. ख्यालाला छान, पण तार सप्तकातल्या आलापीला आणि हार्मोनियमला बरेचसे ओरडतात. आधी ऐकून मगच घ्या. तयार मोठे स्पीकर परदेशी आहेत आणि किमतीही तशाच. घ्यायचेच तर ९६ डेसिबल आणि १० ओहम असलेला डेव्होर ओ/९६ सारखा शांत इम्पीडन्सचा बघा, नुसता डेसिबलचा मोठा आकडा नको.

काम या क्रमाने करा: आधी टॅप आणि व्होल्टची चाचणी, मग एकच खोका, १५ सेंमीचा पोर्ट तात्पुरता घट्ट बसवून, क्रॉसओव्हर बाहेर फळीवर ठेवून. आठवडाभर मोनोत ऐका. रेझिस्टर आणि पोर्ट पक्के झाले की मगच सुताराला दुसरा खोका सांगा.